दाराजवळची जागा

१४ सप्टेंबर, शनिवार

"तुमच्या लोकांची मुलं सहावीत गेली की जातात कुठे?" क्लास सुटल्यावर सेन्सेई वॉन्डाने आज मला विचारलं.

मी म्हणालो, "गणिताच्या क्लासला."

ती साठीची बाई. तीस वर्षं गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात उभी राहिली आणि आता इथे ट्रॉय शहरात, लाँड्री आणि दातांचा दवाखाना यांच्या मधल्या गाळ्यात मुलांना कराटे शिकवते. गजभिये हे आडनाव तिला जमत नाही, म्हणून मी 'मिस्टर जी'. म्हणाली, "मिस्टर जी, या वर्षी सात मुलं गेली. सगळी सहावीतली. सैन्यातून बोलावणं आल्यासारखी एकदम गेली."

आमची चारुताही यंदा सहावीत आहे. अकरा वर्षांची. पाच वर्षांपासून इथे येते, हिरवा पट्टा आहे, फेब्रुवारीत जांभळ्याची परीक्षा.

घरी आलो तर शैलजाने शाळेचा पेपर टेबलावर ठेवलेला. गणितात शंभरपैकी अडतीस.

"अहो, आता तरी ऐका. कराटे बंद करू. शनिवार मोकळा होईल. प्रसन्न त्यांच्या अनिकाला पाठवायचं म्हणतायत, त्या क्लासला हिलाही टाकू."

चारुता जिन्यात बसून ऐकत होती. "नॉट कराटे," म्हणाली. "प्लीज, बाबा. एनिथिंग एल्स."

मी म्हणालो, मला जरा विचार करू दे.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हटली आणि तसाच बसून राहिलो. डोंगरे गुरुजी आठवले.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्गांना एक खोली. गुरुजी पाढे बसून म्हणू देत नसत. पटांगणात रांग, आणि कवायत. हात वर, बे एके बे. हात बाजूला, बे दुणे चार. तीसपर्यंतचे पाढे माझ्या अंगात गेले ते खांद्यांतून. अजून ऑफिसात ब्रेकच्या चाचणीचे आकडे बघताना मनात एकोणतीस सक म्हटलं की उजवा हात थोडा हलतो.

गुरुजींची आणखी एक रीत होती. कुणाची बसायची जागा कायमची नव्हती. उत्तर आलं की एक जागा पुढे, चुकलं की एक जागा मागे. आमच्या वस्तीतली मुलं दाराशी बसत. तिथेच बसा असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण बसत. दुसरीत मी दाराशी होतो, चौथीत फळ्याखाली. मधल्या सगळ्या जागा मी पाढ्यांनी ओलांडल्या. माझे वडील रोजगाराला जाताना शाळेच्या खिडकीशी घटकाभर थांबत, मी कुठवर आलोय ते बघायला. बोलत काही नसत. बघून जात.

आज सुचलं ते असं. कराटेत रांग आहे, मोजणं आहे, वळणं आहेत. मग गणित त्यातच का शिकवू नये? कराटे सुटायला नको, गणितही मागे राहायला नको.

२८ सप्टेंबर, शनिवार

सेन्सेईला सांगितलं. ती हाताची घडी घालून ऐकत होती.

"म्हणजे माझ्या फरशीवर तुम्ही पाढे शिकवणार?"

"दर दहा ठोशांना एक पाढा. पाय किती अंशांत ठेवायचा, कितीत वळायचं, हे सगळं भूमितीच आहे. आईवडील मुलांना काढणार नाहीत."

तिने रिकाम्या हॉलकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेवटची चाळीस मिनिटं तुमची. ठोसा मात्र वाकडा पडता कामा नये. उत्तर बरोबर आणि ठोसा वाकडा, हे मी चालवून घेणार नाही."

गाडीत चारुताला बातमी दिली. तिने पहिल्यांदा एवढंच विचारलं, "सो आय कॅन स्टे?"

"अगं, म्हणून तर केलं."

घरी येईपर्यंत ती खिडकीच्या काचेवर बोटाने ताल धरत होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मुद्दाम आजचा दिवस धरला. विजयादशमी, आपल्या माणसांनी नवा रस्ता धरला तो दिवस. पहाटे उठून वंदना केली, पांढरा सदरा घातला. शैलजा म्हणाली, "कराटे शिकवायला निघालात का दीक्षाभूमीला?"

चौदा मुलं होती. कराटेत रांग पट्ट्याप्रमाणे लागते. सगळ्यात वरचा पट्टा आरशाशी, नवीन आलेला दाराशी. पहिल्या जागेवरच्याने मोठ्याने मोजायचं आणि बाकीच्यांनी त्यावर ठोसे मारायचे. वर्षभर ती जागा चारुताची आहे. घरी जिचा आवाज शेजारच्या खोलीत पोहोचत नाही, ती इथे 'इची, नी, सान' म्हणते तेव्हा काचा हलतात.

मी म्हणालो, आज जपानी आकडे नकोत, आज सातचा पाढा. चारुता, सुरू कर.

सात, चौदा, एकवीस छान झालं. अठ्ठाविसाला थांबली. चौदा मुठी हवेत तशाच. मग रांगेच्या मधून, पुढचे दोन दात पडलेल्या अनिकाने फुस्स आवाजात पुढचं सगळं म्हणून टाकलं. सगळे हसले. चारुताही हसली.

नंतर अनिकाचा बाबा प्रसन्न पार्किंगमध्ये भेटला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. "दादा, कमाल केलीत यार! एका ड्राइव्हमध्ये दोन क्लास. आता तुम्ही यात मराठी आणि केमिस्ट्री घाला, मी ऑफिसही तिथूनच करतो."

सुरुवात चांगली झाली असं वाटतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज गुरुजींची रीत आणली. उत्तर आलं की एक जागा आरशाकडे, चुकलं की एक जागा दाराकडे. मुलं अशी जागी झाली की काय सांगू. अनिका पिवळ्या पट्ट्याची, दाराकडून पाचवी होती. चाळीस मिनिटांत आरशाशी पोहोचली. चारुताला ओलांडताना हळूच "सॉरी, चारूताई" म्हणाली. संस्कार चांगले आहेत.

सेन्सेईने मात्र मला बाजूला बोलावलं. "मिस्टर जी, पाढे घ्या, कोन घ्या. रांगेला हात लावू नका. ती जागा त्यांनी घामाने घेतलेली असते."

मी म्हणालो, "आमच्या शाळेत ही रीत नसती तर मी आज इथे उभा नसतो."

ती मुलांकडे वळली. तिला गुरुजी कुठून कळणार?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

चारुताच्या शाळेतून पत्र आलं. गणिताच्या बाईंनी लिहिलंय की तिची वाचनाची, समजुतीची काही अडचण नाही, पण आकडे तिच्याजवळ टिकत नाहीत, आणि यामागे काही वेगळं कारण असू शकतं. शाळेचे तज्ज्ञ तपासणी करतील. पालकांनी सही करावी.

दोनदा वाचलं. तपासणी म्हणजे पुढे वेगळी खोली, वेगळा बाक, नावापुढे एक खूण. मला वाटलं, ही सही म्हणजे तिला माझ्या हाताने दाराशी बसवणं. त्यासाठी का आम्ही इतक्या लांब आलो?

पत्र वंदनेच्या पुस्तकात ठेवलं. शैलजाला इतक्यात सांगत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिच्या दोन पाळ्या चालल्या आहेत, उगाच काळजी करील. फेब्रुवारीपर्यंत पाढे पक्के होतील, मग पत्राची गरजच उरणार नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

एकोणीस मुलं. गळालेल्यांतली तीन परत आली.

चारुता आज मधल्या जागेवरून सुरू झाली आणि दाराकडून सातवीपर्यंत मागे गेली. रोज जेवणानंतर मी तिला अर्धा तास घेऊन बसतो. ओरडत नाही, हात उगारत नाही. सात साते एकोणपन्नास रात्री येतं, सकाळी पुसलेलं असतं. सकाळी विचारलं की ती माझ्या तोंडाकडे बघते, उत्तर तिथे लिहिलेलं असल्यासारखं.

तिचा काता मात्र बघत राहावा असा आहे. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने मारायचे वार आणि वळणं. पहिल्या कात्यात एकवीस हालचाली. ती डोळे मिटून करते आणि सुरू केलं त्याच फरशीवर येऊन थांबते. आज मी विचारलं, "हे मोठं वळण किती अंशांचं?" ती म्हणाली, "आय डोन्ट नो. इट्स व्हेअर द विंडो कम्स बॅक." मी समजावलं की खिडकी नव्हे, दोनशे सत्तर अंश. तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज चारुता स्वतःहून शेवटच्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी प्रश्न विचारायच्या आधीच. तिथे सहा वर्षांची नवी मुलं असतात, त्यांचे पट्टे सारखे सुटतात. ही गुडघ्यावर बसून एकेकाचा बांधत होती. तिला अहंकार नाही याचं बरं वाटलं.

शैलजाला सांगितलं. ती म्हणाली, "पाच वर्षं शिकलेली मुलगी शेवटी उभी राहते आणि तुम्हाला बरं वाटतं?"

"त्यांचे पट्टे बांधत होती गं."

"तिला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं.

७ डिसेंबर, शनिवार

काल महापरिनिर्वाण दिन. इथल्या आपल्या मंडळींनी जवळच्या कॅन्टन गावात एकाच्या घरी बुद्धवंदना ठेवली होती. कुणीतरी माझ्या उपक्रमाबद्दल मला चार शब्द बोलायला लावले. मी दाराची आणि फळ्याची गोष्ट सांगितली. दोघातिघांचे डोळे भरून आले. चारुता मुलांबरोबर खाली तळघरात होती असं मला वाटत होतं. बोलून वळलो तर जिन्यापाशी उभी. बुटांच्या ढिगाजवळ.

आज तिच्या पोटात दुखत होतं. क्लासला मी एकटाच गेलो. मागच्या शनिवारीही दुखत होतं. थंडीमुळे असेल.

११ जानेवारी, शनिवार

बर्फ होतं तरी तेवीस मुलं.

धुण्याचे कपडे काढताना शैलजाला चारुताच्या कराटेच्या सदऱ्याच्या बाहीवर काहीतरी दिसलं. उलटी करून तिने मला दाखवली. आतून निळ्या पेनाने बारीक लिहिलेलं: ७ १४ २१ २८ ३५. पुढचं धुऊन गेलेलं.

मला वाईट वाटलं. मार्क कमी पडले त्याचं नाही, पण हे? तिला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. विचारलं, "पंचशीलातलं चौथं कुठलं?"

तिने खाली बघून पाली म्हटलं, बिनचूक. पहिलीत असल्यापासून येतं तिला, चालीवर.

"म्हणजे काय?"

"खोटं नाही बोलायचं."

"मग हे काय आहे?"

तिने बाही माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "आय वॉजन्ट लायिंग, बाबा. आय वॉज जस्ट ट्राइंग टू स्टे."

स्टे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. वर गेली आणि थोड्या वेळाने बाही घासल्याचा आवाज येत राहिला. 

१ फेब्रुवारी, शनिवार

प्रसन्नने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलाय. मुलांच्या जागांचा तक्ता दर शनिवारी त्यावर पडतो. मी टाकायला सांगितलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. आजच्या तक्त्यात पहिली अनिका. चारुता सव्विसावी. मुलं सव्वीसच आहेत.

वंदनेला बसलो आणि पुस्तक उघडताना ते पत्र खाली पडलं. परत ठेवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जांभळ्या पट्ट्याची परीक्षा झाली.

आज माझं काही नव्हतं. पाढे नाहीत, प्रश्न नाहीत. सेन्सेईने रांगही पट्ट्यांप्रमाणे लावली. चारुताला हाताला धरून आरशाशी उभं केलं. मी आणि शैलजा पालकांच्या बाकावर.

चारुताने मधोमध येऊन नमस्कार केला आणि काता सुरू केला. आठ-नऊ हालचाली अशा झाल्या की बाकावरची कुजबुज थांबली. मग ते मोठं वळण आलं. तिचा पाय उचलला गेला आणि तिथेच राहिला. ओठ हलत होते. मला इतक्या लांबून दिसलं, ती आकडा शोधत होती.

पाठीमागून अनिका मदत म्हणून कुजबुजली, "टू-सेव्हंटी, चारूताई! टू-सेव्हंटी!"

चारुता वळली. दाराकडे वळली. खिडकी दुसरीकडेच होती.

ती तशीच थोडी थांबली. मग नीट दोन्ही पाय जुळवून सेन्सेईला वाकून नमस्कार केला आणि दाराकडे चालत गेली. तिथे एका मुलाचा पट्टा सुटला होता. खाली बसून तो बांधला. मग बूट घालून बाहेर, बर्फात, आमच्या गाडीजवळ जाऊन उभी राहिली.

शैलजा धावली. मी बाकावरच बसून होतो. 

१६ फेब्रुवारी, रविवार

वंदना झाली नाही. बसलो, पण शब्द पुढे जाईनात.

पत्र काढून शैलजाच्या हातात दिलं. तिने तारीख पाहिली. बोटांवर महिने मोजले.

"चार महिने? पुस्तकात?"

"तिला वेगळं बसवतील असं वाटलं."

"आणि तुम्ही कुठे बसवलंत?"

 

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून परस्पर सेन्सेईकडे गेलो. ती फरशी पुसत होती. चारुताची परीक्षा एका महिन्याने पुन्हा घेते म्हणाली, एकटीची, कुणीही बघायला नाही. मी म्हणालो, तिने नाही म्हटलंय. घरी विचारून झालंय.

मग मी म्हणालो, माझी चाळीस मिनिटं बंद करा.

तिने पोछा भिंतीला टेकवला. "मिस्टर जी, सव्वीस मुलं आहेत. त्यांतली निम्मी तुमच्या पाढ्यांसाठी येतात. ती गेली तर उरलेल्यांसाठी मी हे दार उघडं ठेवू शकत नाही. मी तुम्हाला ऑक्टोबरमध्ये सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत. मीही जोर लावला नाही, कारण मुलं येत होती. तुम्ही एकटे नव्हता."

"रांग तरी परत पट्ट्यांची करा."

"केली. शनिवारपासून. पण आता ते सगळे स्वतःच बघतात, कोण कितवं. ते कसं पुसू?"

परत येताना गाडीत कितीतरी वेळ सिग्नलला थांबलो होतो. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

क्लास घेतला. चांगला झाला. प्रसन्न म्हणाला, "दादा, तुमचा चेहरा का उतरलाय? अनिकाला शाळेत वरच्या गणितात घातलं, पेढे तुमच्यामुळे." डबा हातात दिला. मनापासून आणले होते. मी एक खाल्ला.

दाराजवळ एका नव्या मुलीचा पट्टा सुटला. ती तो हातात धरून इकडेतिकडे बघत उभी होती. मी जाऊन बांधायला लागलो. गाठ मला येत नाही.

घरी चारुता जमिनीवर चित्र काढत होती. हिरवा पट्टा घडी करून तिने शैलजाच्या शालींच्या कप्प्यात ठेवलाय. मी शेजारी बसलो. म्हणालो, "मी त्या वळणाला आकडा द्यायला नको होता."

"इट्स ओके, बाबा."

"ओके नाहीये."

तिने रंग बदलला. "आता विंडो येतच नाही," म्हणाली. "मी ट्राय केलं. बेसमेंटमध्ये. ओन्ली द नंबर कम्स, अँड देन आय डोन्ट नो व्हॉट इट मीन्स."

 तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने ठेवू दिला.

२ मार्च, रविवार

आज सही केली. शैलजाने आधी, मग मी. पेन दोनदा थांबलं.

चारुताला बोलावून सगळं सांगितलं. शाळेत एक बाई तुझ्याबरोबर काही खेळ, काही कोडी करतील. आकडे तुझ्याजवळ का थांबत नाहीत ते बघतील. ही शिक्षा नाही. तुझं काही चुकलेलं नाही, आमचं चुकलं, माझं.

 कागदावरच्या आमच्या दोन सह्यांवरून तिने बोट फिरवलं.

मग विचारलं, "बाबा, तिथे लाइन असते का?"

नसते, असं म्हणायला तोंड उघडलं. मग वाटलं, मला खरंच ठाऊक नाही. हे पत्र मी चार महिने पुस्तकात ठेवलं आणि त्यात पुढे काय लिहिलंय ते धड वाचलंसुद्धा नाही. आणि चौथं शील मीच तिला विचारलं होतं.

म्हणालो, "माहीत नाही, बेटा. उद्या शाळेला फोन करून विचारतो."

"ओके," ती म्हणाली. "आधी विचार. मग मी जाईन."